फाईल नंबर एकशे बारा

१

अहवालात साठ शब्दांची उत्तरं होती. घड्याळजींनी ऐकले होते अठ्ठेचाळीसच.

ही गोष्ट पहिल्यांदा त्यांच्या मुलीच्या लक्षात आली. शुक्रवारी सकाळी साडेनऊ वाजता ती रुग्णालयाच्या दफ्तराच्या खिडकीशी उभी होती. हातात वडिलांच्या अहवालाची प्रत होती आणि ती तिसऱ्यांदा तेच पान वाचत होती.

"बाई, हा कागद माझ्या बाबांचा नाही," ती म्हणाली.

खिडकीच्या आत दफ्तरबाई बसल्या होत्या. रुग्णांचे जुने-नवे कागद गेली एकतीस वर्षं त्यांच्याच ताब्यात होते. त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकात उरलं होतं. त्यांनी प्रत हातात घेतली, वरचा नंबर पाहिला. रुग्ण अकरा. नंबर तर बरोबर होता.

"कशावरून म्हणतेस?"

"सोमवारी मी बाबांजवळच बसले होते. चाचणी चालू असताना त्यांना झटका आला. कानावरची यंत्रं मीच काढली. तेव्हा समोर अठ्ठेचाळीस आकडा होता. त्यानंतर ते त्या खोलीत गेलेलेच नाहीत. मग हे साठ कुठून आले?"

दफ्तरबाईंनी चष्मा वर सरकवला. घड्याळजी म्हणजे चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणारा डावखुरा माणूस. वर्षभरापासून त्यांना झटके येत होते. परवाच्या एका रात्रीत तीन आले. मेंदूच्या उजव्या बाजूचा एक तुकडा काढायचा ठरलं होतं, आणि तो कुठपर्यंत काढायचा हे बरंचसं या चाचणीवर अवलंबून होतं. बोलण्याचं केंद्र बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतं, काहींच्या उजव्या. मेंदूचं चित्र काढणारं मोठं यंत्र चुंबकावर चालतं, आणि घड्याळजींच्या डोळ्यात एका स्प्रिंगचा कण कधीकाळी रुतून बसलेला. त्यांना त्या यंत्रात घालता येत नव्हतं.

अहवाल सांगत होता, बोलण्याचं केंद्र डावीकडे. उजवीकडे मोकळेपणाने कापा.

"शस्त्रक्रिया किती वाजता आहे?"

"दोन वाजता. डोकं भादरून झालंय. सकाळीच इंजेक्शन दिलं, गुंगीत आहेत." मुलीचा आवाज इतका वेळ सरळ होता, तो इथे वाकला. "बाई, मी वॉर्डात सांगितलं. ते म्हणाले, तुमची मोजण्यात चूक झाली असेल."

दफ्तरबाईंनी खिडकीवर 'बंद' अशी पाटी लावली. सकाळच्या वेळी ती पाटी लागलेली रुग्णालयात कुणी पाहिली नव्हती.

२

श्रवणचाचणीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. जाड दार, भिंतींना करडा कापूस, मध्ये एक खुर्ची. चाचण्या घेणारी मुलगी तिथे सहा वर्षं काम करत होती. दिवसभर तिच्या तोंडी एकच वाक्य असे, "ऐकू आलं की बटण दाबा." त्यामुळे रुग्ण तिला बटणताई म्हणत, आणि मग डॉक्टरही म्हणायला लागले.

"सोमवारची नोंदवही दे," दफ्तरबाई म्हणाल्या.

बटणताईंनी कपाटातून वही काढली. अक्षर कोरीव होतं. सोमवार, दहा चाळीस, रुग्ण अकरा, चाचणी दुसरी. आवाज पंचावन्न. अठ्ठेचाळिसाव्या शब्दाला झटका, चाचणी थांबवली, डॉक्टरांना बोलावलं.

"मग अठ्ठेचाळीसच," दफ्तरबाई म्हणाल्या.

"अठ्ठेचाळीसच. तेवढ्यांवर निष्कर्ष निघतो, म्हणून पुन्हा घेतली नाही. का हो?"

दफ्तरबाईंनी अहवाल तिच्यापुढे धरला. बटणताईंनी तो वाचला, आणि वाचता वाचता त्या खुर्चीवर टेकल्या.

चाचणी अशी असे. दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे शब्द वाजत. जो स्पष्ट ऐकू आला त्याचं बटण रुग्ण दाबे, डावं किंवा उजवं. उजवा कान सरस ठरला तर बोलणं मेंदूच्या डावीकडे, डावा ठरला तर उजवीकडे. सगळी उत्तरं सॉफ्टवेअर एका फाईलमध्ये साठवे.

"सोमवारी ते कुठलं बटण जास्त दाबत होते?" दफ्तरबाईंनी विचारलं.

"डावं दाबतायत असं वाटलं होतं खरं. पण ते डावखुरे. म्हटलं, हात तिकडेच जात असेल." बटणताई थांबल्या. "निकाल मला दिसत नाही, बाई. तो फाईलमधून ग्राफ डॉक्टर काढतात."

"फाईल दाखव."

संगणकाच्या पडद्यावर फाईलींची यादी आली. रुग्णाचा नंबर, मग चाचणीचा नंबर, अशी नावं. रुग्ण अकरा, चाचणी दोन. फाईल ११२. ती जागेवर होती. उत्तरं साठ, पुरेपूर.

"तिच्यापुढे तारीख काय आहे बघ."

बटणताई पडद्याजवळ वाकल्या. फाईल सोमवारची नव्हती. बुधवारी सकाळी अकरा वीसला लिहिलेली होती.

"बुधवारी अकरा वीसला या खोलीत कोण होतं?"



"मी," बटणताई म्हणाल्या.

३

ग्राफ डॉक्टर शेजारच्याच खोलीत बसत. तरुण, हुशार, कुठल्याही गोष्टीचा आलेख काढणारे. कॅन्टीनमधल्या रांगेचाही त्यांनी एकदा आलेख काढून लावला होता, त्यावरून हे नाव पडलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग बटणताईंकडे न बघता बोलले.

"म्हणजे सोमवारची चाचणी अर्धवट राहिली. पुन्हा घेतली नाही असं तुम्हीच म्हणता. आणि बुधवारी, खोलीत फक्त तुम्ही असताना, फाईल पूर्ण झाली."

"मी बटणं दाबली असं म्हणायचंय तुम्हाला?"

"मी काहीच म्हणत नाहीये. तारीख म्हणतेय."

बुधवारी टपालकाका आले होते, बटणताई सांगू लागल्या. जुने रुग्ण, निवृत्त पोस्टमन, शस्त्रक्रियेनंतर वर्षभर महिन्याला एकदा तपासणीला येणारे. कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागतं. ते खोलीत होते, त्यांना विचारा.

"त्यांची बुधवारची फाईल दाखवा मग," ग्राफ डॉक्टर म्हणाले. "रुग्ण एक ना ते?"

बटणताईंनी यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. टपालकाकांच्या बुधवारच्या भेटीची वेगळी फाईल कुठेच नव्हती.

दफ्तरबाईंचं लक्ष भिंतीकडे होतं. तिथे वर्षभराचे आलेख ओळीने चिकटवलेले होते. जुन्या आलेखांत खांबांखालची नावं एवढी लांबलचक होती की ती एकमेकांवर चढून नुसता काळा पट्टा झाला होता. अलीकडच्या दोन आलेखांत मात्र प्रत्येक खांबाखाली सुटसुटीत आकडा होता. ३१. ४७. ९२.

"छान दिसतात हे नवे," त्या म्हणाल्या. "कधीपासून असे काढता?"

"दोन महिने झाले." ग्राफ डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. "बाई, मी सर्जनसरांना कळवतो. त्यांना हे माहीत हवं."

सर्जन फोनवर फार बोलले नाहीत. शस्त्रक्रिया पुढे ढकलली तर पुढची तारीख आठवड्यानंतरची होती, आणि तोवर एखादा मोठा झटका आला तर माणूस हातचा जाण्याची भीती होती. नुसत्या शंकेवर ते थांबणार नव्हते.

"साडेबारापर्यंत मला पुरावा द्या," ते म्हणाले. "नाहीतर जो अहवाल आहे त्यावर मी जाणार. आणि त्या तंत्रज्ञ बाईंना आजपुरतं यंत्राला हात लावू देऊ नका."

तेव्हा पावणेअकरा वाजले होते.

४

जिन्यात बटणताई थांबल्या. "बाई, तुम्हाला काय वाटतं? मी केलं असेल?"

"तुला खोटी फाईल करायची असती तर वहीत अठ्ठेचाळीस कशाला लिहिलं असतंस?" दफ्तरबाई उतरत राहिल्या. "वही तूच मला काढून दिलीस. चल, पाय उचल."

तळमजल्यावर संगणक विभाग होता. तिथल्या माणसाला सगळे शॉर्टकट म्हणत, कारण कुठल्याही कामाला तो दोन ओळींची सूचना लिहून देई आणि काम आपोआप होई. चाचणीच्या फाईलींना नाव देणारी स्क्रिप्ट, म्हणजे सॉफ्टवेअरला लिहून दिलेल्या सूचना, त्यानेच तयार केली होती.

"फाईलला नाव काय द्यायचं हे तू ठरवलंस?" दफ्तरबाईंनी विचारलं.

"मीच. आधी सॉफ्टवेअर आपल्या मनाने कायतरी नाव द्यायचं, कुणाची फाईल कुणाला कळायची नाही. मी सांगितलं, आधी रुग्णाचा नंबर, मग आडवी रेघ, मग भेटीचा नंबर, रेघ, तारीख, रेघ, वेळ. नाव लांब होतं, पण दोन फाईली एका नावाच्या होणं शक्यच नाही."

"वर तर नुसतं ११२ आहे."

शॉर्टकटच्या भुवया वर गेल्या. त्याने स्वतःजवळची प्रत उघडली, मग वरच्या मजल्यावरच्या यंत्रातली स्क्रिप्ट मागवून शेजारी ठेवली. दोन्ही पडद्यावर समोरासमोर आल्या. तो ओळीओळीने बोट फिरवत गेला.

"ही तारीख काढलीय. वेळ काढलीय. रेघासुद्धा उडवल्यात." बोट थांबलं. "आणि ही शेवटची ओळ माझी नाही."

"काय लिहिलंय त्यात?"

"त्या नावाची फाईल आधीच असेल तर सॉफ्टवेअर विचारतं, हिच्यावर लिहू का? हो म्हटलं तर जुनी पुसून नवी लिहितं. या ओळीत सांगितलंय, विचारू नकोस. सरळ लिही."

"मला असा प्रश्न पडद्यावर कधी दिसलाच नाही," बटणताई हळूच म्हणाल्या.

"कोणी केलं हे कळेल?" दफ्तरबाईंनी विचारलं.

"कसं कळणार? त्या यंत्राचा पासवर्ड सगळ्यांचा एकच. पडद्याच्या कडेला चिठ्ठीवर लिहून चिकटवलाय. बदल दोन महिन्यांपूर्वीचा आहे, एवढंच दिसतं."

दफ्तरबाईंनी पेन्सिल काढली आणि हातातल्या अहवालाच्या मागे तीन आकडे लिहिले. बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग अचानक उठल्या.

"टपालकाकांची बुधवारची भेट कितवी होती गं?"

"बारावी. वर्षाची शेवटची."

"चला वर," दफ्तरबाई म्हणाल्या. "सर्जनना पण बोलवा."

५

बारा वाजून पाच मिनिटांनी श्रवणचाचणीच्या खोलीत पाच माणसं उभी होती. सर्जन दाराला टेकून, हिरव्या कपड्यांत. ग्राफ डॉक्टर त्यांच्या शेजारी. बटणताई यंत्रापासून चार हात लांब, हात मागे बांधून. यंत्रापुढे शॉर्टकट बसला होता.

"मला संगणकातलं काही कळत नाही," दफ्तरबाईंनी सुरुवात केली. "पण कागदांच्या बासनावर काय लिहायचं हे मी जन्मभर ठरवत आलेय. बासनावरचं नाव चुकलं की आतला माणूस हरवतो." त्यांनी कागद उलटा करून दाखवला. "रुग्ण अकरा, चाचणी दोन. मधली रेघ काढून टाका. काय उरतं?"

"११२," शॉर्टकट म्हणाला.

"रुग्ण एक, भेट बारा. मधली रेघ काढून टाका."

सर्जन दारापासून पुढे आले.

"घड्याळजींची फाईल सोमवारी लिहिली गेली. बुधवारी टपालकाका आले. त्यांच्या फाईलचंही नाव तेच झालं. यंत्राने विचारलं नाही, घड्याळजींना पुसून त्या जागी टपालकाकांना लिहिलं. या मुलीने काही केलं नाही. तिने रोजच्यासारखं काम केलं."

"हा तर्क झाला," ग्राफ डॉक्टर म्हणाले. "आणि वर्षभरात हे एकदाही का झालं नाही?"

"दोन महिन्यांपूर्वीपर्यंत नावात रेघा होत्या. गेल्या दोन महिन्यांत दहाच्या पुढे भेटी झालेला माणूस एकच, टपालकाका. आणि अकरा नंबरचा रुग्ण आला तो गेल्या शनिवारी." दफ्तरबाई सर्जनांकडे वळल्या. "तर्क तपासता येतो. माझं बरोबर असेल तर आणखी एक फाईल गेलेली असणार. टपालकाकांची अकरावी भेट गेल्या महिन्यात झाली. तिचं नाव १११. घड्याळजींची पहिली सरावाची चाचणी गेल्या शनिवारी. तिचंही नाव १११. म्हणजे १११ मध्ये आत्ता घड्याळजी असतील, आणि टपालकाका पुसले गेले असतील. मी ती फाईल पाहिलेली नाही. उघड बाबा."

शॉर्टकटने फाईल १११ उघडली. तारीख होती गेल्या शनिवारची. गेल्या महिन्यातलं काही नव्हतं.

"तारखेने माणूस ओळखता येत नाही," सर्जन म्हणाले. "११२ मधला माणूस टपालवाला आहे हे मला दाखवा. अठ्ठेचाळीस आणि साठचा घोळ वहीतला असू शकतो. मी एका माणसाचं डोकं उघडणार आहे, बाई."

एवढं दफ्तरबाईंजवळ नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात बारा वीस झाले होते. जाड दारामुळे बाहेरचा कसलाच आवाज येत नव्हता.

"आवाज," बटणताई म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"फाईलमध्ये प्रत्येक शब्दापुढे आवाजाचा आकडा असतो. किती मोठ्याने वाजवला तो. मीच सुरुवातीला लावते आणि वहीतही लिहिते. घड्याळजींना पंचावन्न. टपालकाकांना कमी ऐकू येतं, त्यांना पंचाहत्तर." त्यांनी वही उघडून सर्जनांपुढे धरली. "पंचावन्नवर टपालकाकांना काहीच कळत नाही, सर. आणि घड्याळजींना पंचाहत्तर लावलं असतं तर ते खुर्चीतून उठलेच असते."

शॉर्टकटने आधी १११ मधला रकाना दाखवला. पंचावन्न, पंचावन्न, पंचावन्न, खालपर्यंत. मग ११२ उघडली.

पहिल्या शब्दापुढे पंचाहत्तर होते. साठाव्या शब्दापुढेही पंचाहत्तर.

६

सर्जनांनी खिशातून फोन काढला आणि शस्त्रक्रियेच्या खोलीला एवढंच सांगितलं, "दोनची केस आज नाही. रुग्णाला अतिदक्षता विभागात हलवा, एक माणूस कायम जवळ हवा."

मग त्यांनी फोन ठेवला. "स्क्रिप्ट कुणी बदलली?"

बटणताईंनी शॉर्टकटकडे पाहिलं, शॉर्टकटने दफ्तरबाईंकडे. दफ्तरबाई कुणाकडेच बघत नव्हत्या. भिंतीपलीकडच्या त्या आलेखांनी त्यांना सकाळीच सांगितलं होतं. फाईलींची नावं आखूड झाल्यामुळे कुणाचं काम सोपं झालं, एवढंच विचारायचं होतं. पण त्या थांबल्या. माणसाला स्वतः बोलायला थोडी जागा द्यावी असं त्यांना वाटलं.

"मी," ग्राफ डॉक्टर म्हणाले. "लांब नावं आलेखात मावत नव्हती. एका दुपारी बसून सगळं काढून टाकलं. तपासून बघताना तो प्रश्न सारखा मध्ये येत होता, म्हणून तोही बंद केला. नंतर तो परत चालू करायचा हे डोक्यातून गेलं."

"आणि काल अहवाल लिहिताना फाईलवर बुधवारची तारीख दिसली नाही?"

"दिसली." त्यांनी पडद्यावरच्या तारखेकडे पाहिलं. "वाटलं, पुन्हा घेतली असेल. शेजारच्या खोलीत जाऊन विचारायला हवं होतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही, सर. मी माहीत करून घेतलं नाही. आणि आज सकाळी तारीख निघाली तेव्हा बोट यांच्याकडे दाखवणं सोपं होतं."

ते बटणताईंकडे वळले. काही बोलणार होते, पण बटणताईंनी मान हलवली. त्यांना त्या क्षणी काही ऐकायचं नव्हतं. त्या बाहेर गेल्या, नळाखाली दोन्ही मनगटं धरून उभ्या राहिल्या, आणि मग वॉर्डात जाऊन घड्याळजींच्या मुलीला म्हणाल्या, "तुझं मोजणं बरोबर होतं."

पुढचे तीन दिवस सगळ्यांचा जीव टांगणीला होता. शनिवारी एक झटका आला, रविवारी पहाटे दुसरा, आणि दुसऱ्यातून बाहेर यायला घड्याळजींना अकरा मिनिटं लागली. त्या अकरा मिनिटांत सर्जन जवळ उभे होते, आणि आपण शुक्रवारी थांबलो ते बरोबर केलं की चूक, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

सोमवारी सकाळी चाचणी पुन्हा झाली. या वेळी सर्जन स्वतः पडद्यापुढे बसले. नावात तारीख होती, वेळ होती, रेघा होत्या. आवाज पंचावन्न. घड्याळजींनी साठही शब्द ऐकले. त्रेचाळीस वेळा डावं बटण दाबलं. मग बटणताईंनी बटणांची अदलाबदल करून, हात बदलायला लावून, सगळी चाचणी आणखी एकदा घेतली. डावा कानच सरस आला.

बोलण्याचं केंद्र उजवीकडे होतं. शुक्रवारी दोन वाजता जिथून तुकडा काढायचा होता त्याच्या अगदी लगत.

सर्जनांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि शस्त्रक्रियेचा आराखडा नव्याने लिहायला घेतला. आता तुकडा निम्म्याहून लहान होता. घड्याळजींना मधल्या वेळात जागं ठेवून, बोलतं ठेवून, सावकाश काढायचा होता.

पुढच्या शुक्रवारी शस्त्रक्रियेला साडेपाच तास लागले. मुलगी बाहेर बाकावर बसून होती. दफ्तरबाई खिडकी बंद झाल्यावर येऊन तिच्या शेजारी बसल्या आणि बसूनच राहिल्या. टपालकाकाही आले. त्यांची पुसली गेलेली अकरावी भेट परत मिळणार नव्हती. हे त्यांना सांगायला बटणताईंना बरंच ओरडावं लागलं होतं. ते म्हणाले होते, गेल्या महिन्यात मी ठणठणीत होतो असं लिहून टाका, मी सही करतो. मग त्यांनी त्या दुसऱ्या माणसाची चौकशी केली होती, आणि आज ते पाहायला आले होते.

संध्याकाळी मुलीला आत सोडलं. बटणताई दाराशीच थांबल्या. घड्याळजींचं डोकं पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेलं होतं, डोळे अर्धवट उघडे होते. मुलगी वाकली आणि तिने हात धरला. त्यांचे ओठ हलले, आवाज आला नाही. पुन्हा हलले. मुलीने मागे वळून बटणताईंकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत जे होतं ते बटणताईंना बघवेना.

तिसऱ्या वेळी शब्द आले. घोगरे, सुटे सुटे, पण एकामागून एक नीट.

"सकाळपासून... काही... खाल्लंस का?"

मुलीने मान हलवून नाही म्हटलं.

"मग आधी... खाऊन ये," घड्याळजी म्हणाले. "मी आहे इथे."